आधी मोजा, मग बोला!

आमच्या हॉस्टेलच्या तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत ६० पायऱ्या आहेत. पहिल्या वर्षी हे मला माहीतही नव्हतं, कारण पायऱ्या मोजायची वेळच येत नव्हती. एका हातात बादली, दुसऱ्या हातात ड्रॉइंग शीटची गुंडाळी, तोंडाने बडबड चालू आणि बघता बघता वर! दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये मात्र त्यातली एकेक पायरी मला पाठ झाली. विसाव्या पायरीला धाप, चाळिसाव्या पायरीला छातीत धडधड आणि साठावी आली की कठडा धरून उभं राहायचं. मागून येणाऱ्या मुली म्हणायच्या, "काय गं, म्हातारी झालीस का?" मी नुसतं हसायचे. उत्तर द्यायला श्वासच शिल्लक नसायचा.

हा लेख त्या ६० पायऱ्यांविषयी आहे. आणि आपल्या हॉस्टेलच्या एका जुन्या सवयीविषयी. ती सवय म्हणजे काहीही न मोजता निदान करून मोकळं होणं!

झालं होतं असं. सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या सुमारास मला ताप आला. हॉस्टेलचा रिवाज असा, की पहिले दोन दिवस ताप आलाय हे कोणाला सांगायचं नाही आणि पुढचे दोन दिवस मेडिकलमधून गोळी आणून खायची. मीही तेच केलं. पाचव्या दिवशी थंडीने दात वाजायला लागले आणि खोकलं की उजव्या बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखं दुखायला लागलं. पप्पा निफाडहून गाडी करून आले. नाशिकला एक्स-रे काढला, तर उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात पांढरा ढग. न्यूमोनिया! सात दिवस सलाईन, इंजेक्शनं आणि ऑक्सिजन. मग दोन आठवडे घरी अंथरुणात, आईच्या हातची पेज आणि मऊ भात.

ताप गेला. डिस्चार्ज कार्डावर 'प्रकृती स्थिर' असं लिहून मिळालं आणि मी कॉलेजात परत आले. यावंच लागलं. हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली चालली होती, सबमिशन डोक्यावर होतं, टर्मवर्क अडकलं तर पुढचं सगळंच अडकणार होतं. सगळ्यांच्या लेखी मी बरी झाले होते. माझ्याही लेखी. फक्त माझ्या हृदयाला तसं कोणी कळवलं नव्हतं!

मग सुरू झाला मतांचा पाऊस. रूममेट म्हणाली, "टेन्शन घेतेस तू." शेजारच्या रूममधली म्हणाली, "गॅस असेल, ओवा खा." एका सिनियर ताईने बीपी ठरवून टाकलं. मेसच्या मावशी माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "पोरीच्या अंगात रक्तच नाही." एक सर वर्गात सहज बोलून गेले, की आजकालच्या मुलांत सहनशक्तीच राहिली नाही. एका मैत्रिणीने तर मला गोळीच आणून दिली. ती स्वतः व्हायवाच्या आधी घ्यायची, छातीतली धडधड थांबते म्हणून. मी ती कंपासपेटीत ठेवून दिली आणि विसरले. ते किती बरं झालं, ते मला पुढे कळलं.

आणि मी स्वतः काय केलं? दिवसा सगळ्यांना "काही नाही गं" म्हणायचे आणि रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधत बसायचे. पहाटेपर्यंत मला हार्ट फेल्युअरपासून कॅन्सरपर्यंत सगळं काही झालेलं असायचं. सकाळी आईचा फोन आला की, "हो गं, मस्त आहे मी." म्हणजे दोष फक्त इतरांचा नव्हता. सगळ्यांकडे मत होतं. माझ्याकडेही होतं. आकडा मात्र कोणाकडेच नव्हता.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळ्या अंकाईला गेलो. अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले आपल्याच तालुक्यात, मनमाडच्या वाटेवर. पहिल्या वर्षी मी तो किल्ला गप्पा मारत चढले होते. या वेळी जैन लेण्यांपर्यंत पोचले आणि तिथल्याच एका दगडावर बसले. छाती लोहाराच्या भात्यासारखी. कानात ठोके ऐकू येत होते. मुली वर गेल्या, फोटो काढून परत आल्या, तरी मी तिथेच. उतरताना रूममेट पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "अगं, हे टेन्शन नाहीये."

दुसऱ्या दिवशी तिनेच मला येवल्यातल्या एका वयस्कर डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी माझं मनगट हातात धरलं, डोळे घड्याळावर ठेवले आणि म्हणाले, "एक मिनिट काही बोलू नकोस." मला वाटलं नाडी बघताहेत. नाडी तर त्यांनी पाहिलीच, पण माझ्या नकळत माझे श्वासही मोजले. कारण श्वास मोजताहेत हे कळलं, की माणूस श्वास बदलतो. बसून नाडी १०४, श्वास २०. मग उभं केलं, काही मिनिटांनी पुन्हा मोजलं. नाडी १२२. बोटाला ऑक्सिमीटर लावून व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं. ऑक्सिजन ९८ वरून ९७ झाला, त्याच्या खाली गेला नाही. मग रक्त, थायरॉइड, ईसीजी, छातीचा नवा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी. दोन दिवसांनी सगळे कागद समोर ठेवून ते म्हणाले, "फुफ्फुस बरं झालंय. थुंकीत टीबी नाही. हृदयाचे ठोके जलद आहेत, पण नीट लयीत आहेत. हिमोग्लोबिन मात्र ८.९ आहे. रक्त कमी आणि अंगातली ताकद गेलेली, अशी जोडी आहे ही."

म्हणजे मेसच्या मावशींचा अंदाज बरोबर निघाला! पण मित्रांनो, तो अंदाजच होता. सहा जणांनी सहा अंदाज केले की एखादा बरोबर येणारच. त्याच्या भरवशावर औषध घेता येत नाही.

डॉक्टरांनी मला जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. मी यंत्र अभियांत्रिकीची, तेव्हा उदाहरण पंपाचंच. लॅबमध्ये आपण रेसिप्रोकेटिंग पंप चालवतो. एका स्ट्रोकला किती पाणी जातं गुणिले मिनिटाला किती स्ट्रोक, म्हणजे एकूण डिस्चार्ज. हृदयाचंही तेच गणित. बरेच दिवस अंथरुणात पडून राहिलं की अंगातलं रक्ताचं आकारमान घटतं आणि एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं. पायऱ्या चढताना शरीराची मागणी मात्र तेवढीच. मग पंप काय करणार? स्ट्रोक वाढवता येत नाही, तर वेग वाढवणार. हीच ती धडधड.

त्यात हिमोग्लोबिन कमी. हे समजायला आपल्या मार्केट यार्डात जायला हरकत नाही. कांदा तेवढाच आहे, पण ट्रॉल्या निम्म्याच आल्या, तर प्रत्येक ट्रॅक्टरला जास्त खेपा माराव्या लागतात. हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहणाऱ्या ट्रॉल्या. त्या कमी पडल्या की हृदय खेपा वाढवतं. गंमत म्हणजे अशा वेळी ऑक्सिमीटर ९८ दाखवू शकतो. कारण आहेत त्या ट्रॉल्या किती भरल्यात एवढंच तो सांगतो, ट्रॉल्या किती आहेत हे त्याला कळत नाही.

अंथरुणात पडून ताकद जाते हे आपल्याला थोतांड वाटतं. 'वीस वर्षांच्या पोरीला काय होतंय?' तर ऐका. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे वीस वर्षं वयाच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणात झोपवून ठेवलं. कोणालाही काही आजार नव्हता. तीन आठवड्यांनी त्यांची श्रम करण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली होती! तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची जेवढी क्षमता गेली, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने गेली होती. पण याच प्रयोगाची दुसरी बाजूही आहे. अंथरुणातून उठल्यावर सुमारे आठ आठवडे पद्धतशीर व्यायाम केल्यावर ती क्षमता परत आली आणि वाढलीही. म्हणजे ताकद जाते हे खरं आणि परत येते हेही खरं. फक्त ती तारीख बघून येत नाही.

आणि हे काही 'मुलींचं नाजूकपण' नव्हे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांविषयी फिलाडेल्फियाच्या डॉ. जेकब डाकोस्टा यांनी १८७१ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. तीनशेच्या आसपास जवान, धाप आणि धडधड ही तक्रार. त्यातल्या अनेकांना आधी ताप किंवा जुलाब होऊन गेलेले. आजारातून उठून ते पुन्हा पलटणीत रुजू झाले आणि बंदूक-पडशी घेऊन चालताना मागे पडायला लागले. तेव्हाही त्यांच्यावर कामचुकारपणाचा संशय घेतला जायचाच. बंदुकीच्या जागी ड्रॉइंग बोर्ड ठेवा, पलटणीच्या जागी आपलं कॉलेज. दीडशे वर्षांत बदललं काय?

न्यूमोनियातून सावरायला किती दिवस लागतात, याचा एक ढोबळ हिशेब ब्रिटनमधले डॉक्टर रुग्णांना देतात. एका आठवड्यात ताप गेलेला असावा. चार आठवड्यांत छातीतलं दुखणं आणि कफ बराच कमी. सहा आठवड्यांत खोकला आणि धाप बरीच कमी. तीन महिन्यांत बहुतेक लक्षणं संपलेली, थकवा मात्र राहू शकतो. सहा महिन्यांत बहुतेक जण पूर्ववत. आता हा हिशेब आपल्या सेमिस्टरच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा! आपण मुलाला तीन आठवड्यांत बरा ठरवतो आणि चौथ्या आठवड्यात पीटीला धावायला लावतो.

मात्र याच हिशेबाला दुसरी धार आहे. सहा आठवड्यांनंतरही धाप कमी होत नसेल, किंवा कमी होऊन पुन्हा वाढत असेल, तर 'अशक्तपणा आहे, जाईल' म्हणून बसायचं नाही. माझ्यासारखं प्रत्येकाचं उत्तर साधं निघेलच असं नाही. फुफ्फुसाभोवती पाणी किंवा पू साठलेला असू शकतो. पहिल्यापासून टीबीच असून तो न्यूमोनिया वाटलेला असू शकतो. दमा असू शकतो. पायात गाठ होऊन ती फुफ्फुसात गेलेली असू शकते. हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली असू शकते आणि ती विशीत पहिल्यांदा लक्षात येऊ शकते. थायरॉइड असू शकतं. कोविडनंतर काही तरुणांत नुसतं उभं राहिलं तरी नाडी ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढते आणि तशीच राहते, असंही दिसलंय. आणि हो, घबराटीचा झटकाही असू शकतो. तोही खराच आजार आहे, त्यालाही उपचार आहेत, १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करता येतो. पण 'हे टेन्शन आहे' हे बाकीचं तपासल्यावर डॉक्टरांनी म्हणायचं वाक्य आहे. रूममेटने जिन्यात म्हणायचं नव्हे.

'पण आम्ही काय डॉक्टर आहोत?' असं कोणी विचारेल. त्याला माझं उत्तर आहे गडचिरोली.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत न्यूमोनियाने होणाऱ्या बालमृत्यूंवर काम सुरू केलं. तिथे ना एक्स-रे, ना डॉक्टर. लहान मुलाला न्यूमोनिया आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६०, वर्षाच्या आतल्याला ५०, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास असतील, तर धोका. पण गावातल्या दाई निरक्षर. साठपर्यंत मोजणार कशा? म्हणून एक साधं साधन बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलो, की बाळाचा श्वास जलद आहे. त्या बायकांना एवढं जमलं! प्रशिक्षित गावकरी आणि दाई यांनी अशी मुलं हेरून औषध दिलं, तेव्हा त्या गावांतलं न्यूमोनियाने मुलं दगावण्याचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी राहिलं. १९९० साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आता सांगा. अक्षरओळख नसलेल्या दाईला श्वास मोजता येतो आणि व्हर्नियरने मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजणाऱ्या आपल्याला येत नाही? बेअरिंगचं तापमान आपण मोजतो, बीमचं डिफ्लेक्शन मोजतो, सर्किटचा रेझिस्टन्स मोजतो. रीडिंग न घेता रिझल्ट लिहिला तर सर जर्नल फेकून देतात. आणि शेजारच्या पलंगावरच्या मुलीची छाती धडधडते, तेव्हा मात्र डायरेक्ट कन्क्लुजन!

मोजायला लागतं तरी काय? पाच मिनिटं शांत बसवायचं. मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिट नाडी मोजायची. मोठ्या माणसाची बसल्या जागेची नाडी साधारण ६० ते १०० असते. मग हात तसाच ठेवून छातीची हालचाल बघत मिनिटभर श्वास मोजायचे. साधारण १२ ते २० असतात. तीसच्या पुढे गेले तर तासभरही थांबायचं नाही. थर्मामीटर लावायचा. ऑक्सिमीटर असेल तर बोट ऊबदार करून, नेलपॉलिश पुसून लावायचा. ९४ च्या खाली आला तर डॉक्टर गाठायचा.

ऑक्सिमीटरची एक गोष्ट आपल्या पोरांना आवडेल. तो शोधणारे जपानचे ताकुओ आओयागी डॉक्टर नव्हते, इंजिनिअर होते. दुसरंच काही मोजताना नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या सिग्नलमध्ये खळबळ यायची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लक्षात आलं, की ज्याला आपण नॉइज म्हणून हटवतोय, त्यातच रक्तातल्या ऑक्सिजनची माहिती आहे! त्या नॉइजने जगभर किती जीव वाचवले असतील, हिशेब नाही. कोविडच्या काळात तो आपल्या घराघरात आला. आपल्या नाशिकला तर श्वासाची किंमत वेगळी सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. आज तेच ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये सेल गंजून पडलेत.

आता रेक्टर मॅडम, वॉर्डन सर आणि सगळ्या शिक्षकांना नम्र विनंती. तुमची अडचण मला कळते. सवलत दिली की उद्या निम्मं हॉस्टेल धाप लागल्याचं सांगेल, पीटीच्या दिवशी तर हमखास! ढोंग करणारे आपल्यात आहेत, हे मी नाकारत नाही. पण ढोंग आणि आजार यांतला फरक चेहरा बघून कळत नाही, म्हणूनच मोजायला हवं. आणि आकडा बरा आला म्हणजे मुलगा खोटारडा, असंही नाही. माझा ऑक्सिजन ९८ च होता. आकडा शिक्षा देण्यासाठी नसतो, पुढे कुठे पाठवायचं हे ठरवण्यासाठी असतो.

माझ्या मागण्या फार नाहीत. रेक्टर ऑफिसात एक थर्मामीटर, एक बीपीचं मशीन, एक ऑक्सिमीटर आणि एक वही असावी. कोणी मोठ्या आजारातून परत आलं की तीन दिवसांतून एकदा नाडी, श्वास, ताप त्या वहीत लिहावा. अशा मुलाला सहा आठवडे तळमजल्याची खोली आणि पीटीतून सूट द्यावी, आणि सबमिशनच्या तारखा त्याच्याशी बोलून ठरवाव्यात. डिस्चार्ज कार्ड म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट नव्हे. हॉस्पिटलने 'घरी जाऊ शकते' म्हटलंय, 'तिसरा मजला दिवसातून सहा वेळा चढू शकते' असं म्हटलेलं नाही. आणि शेवटची मागणी, १०८ नंबर प्रत्येक मजल्यावर मोठ्या अक्षरात रंगवावा. बसल्या जागी धाप, ओठ निळसर, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, थुंकीतून रक्त, एका पायाला सूज, किंवा गेलेला ताप परत येणं, यांतलं काहीही दिसलं तर परवानगीचा अर्ज नंतर लिहिता येईल.

आणि आपण मुलामुलींनी काय करायचं? अँटिबायोटिक बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही आणि मैत्रिणीचं उरलेलं आपण घ्यायचं नाही. व्हायवाच्या आधी घेतात ती धडधडीची गोळी कोणाला द्यायची नाही. मी ती डॉक्टरांना दाखवली, तेव्हा ते जवळजवळ ओरडलेच. ती गोळी दमेकऱ्याने घेतली तर श्वासनलिका आवळून जिवावर बेतू शकतं, आणि धडधडीचं खरं कारण झाकलं जातं ते वेगळंच. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायची. ते फुकट आहे आणि त्यात लाज नाही. मुलींनो, तुम्हाला खास सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या मेसमध्ये समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एकीला तो असू शकतो. हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. आणि रक्त भरलं तरी डॉक्टर सांगतील तेवढे महिने गोळ्या चालू ठेवा.

मला डॉक्टरांनी व्यायामाचं सोपं कोष्टक दिलं होतं. पहिल्या आठवड्यात सपाटीवर दहा मिनिटं चालायचं, बोलता येईल एवढ्याच वेगाने. पुढे दर आठवड्याला थोडं वाढवायचं. सकाळची नाडी वहीत लिहायची. त्यांनी एक इशाराही दिला होता. चालल्यावर दुसऱ्या दिवशी अंग गळून जात असेल, तर जिद्दीने वाढवायचं नाही, परत येऊन सांगायचं. कोविडनंतर अनेकांना तसा त्रास झालाय, तिथे जिद्द घातक ठरते. माझं तसं झालं नाही. १०४ चे ९८ झाले, ९८ चे ९०. आकडे उतरताना दिसायला लागले, तशी रात्रीची भीतीही उतरली. खरं सांगू? निम्मी धडधड त्या भीतीचीच होती. पण ती भीती 'टेन्शन घेऊ नकोस' ऐकून गेली नाही. कारण कळलं, तेव्हा गेली.

जानेवारीत संक्रांत आली. येवल्याची संक्रांत म्हणजे काय, हे बाहेरून आलेल्या मुलींना एव्हाना कळलंच असेल! तीन दिवस सगळं गाव गच्चीवर, हलकडी वाजतेय, आभाळ पतंगांनी भरलेलं. मी एका वर्गमैत्रिणीच्या घरच्या गच्चीवर गेले. पतंग उडवायला उठले नाही, खुर्चीत बसून आसारी धरली. "ढील दे, ढील दे" म्हणून ओरडले मात्र भरपूर. ओरडायला श्वास पुरला!

आज तिसऱ्या वर्षी मी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर राहते. साठ पायऱ्या चढून गेल्यावर माझी नाडी ११८ असते आणि दोन मिनिटांत ८४ वर येते. हे मला माहीत आहे, कारण मी मोजते.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, उद्या तुमच्या पुढे जिन्यात कोणी कठडा धरून उभं दिसलं, तर त्याला म्हातारा म्हणू नका. त्याचं दप्तर घ्या, त्याला पायरीवर बसवा आणि घड्याळ काढा. एकच मिनिट लागतं.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)